परदेशी पाहिजे

कोपरीतल्या त्या पडवीत भावी पुढारी तयार करावेत, असे त्र्यंबक खांबेटे मास्तरांच्या मनात कधीच नव्हते. मुलांना 'घ' आणि 'ध' यांतला फरक कळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि तोही मुलांच्या सवडीने.

नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाकीची मंडळी संध्याकाळी तलावाकाठी बसून सरकारला नावे ठेवीत. मास्तरांना ते नीट जमेना. म्हणून त्यांनी घराच्या पडवीत बालवर्ग काढला. सतरंज्या अंथरायच्या, पाट्या मांडायच्या आणि मुलांबरोबर खाली बसायचे. मूल चुकले की मास्तर रागावत नसत. उलट त्यांना जरा बरेच वाटे, कारण चुकलेल्या मुलाजवळ थोडे जास्त बसता येते. "घाई कशाला? अक्षर कुठं पळून जातंय?" असे ते म्हणत, आणि अक्षर खरोखरच कुठे पळून जात नसे.

पण देशातल्या पहिल्या निवडणुकीनंतरच्या त्या वर्षी स्टेशनाच्या पलीकडे एक नवी बालशाळा निघाली आणि तिच्यात घसरगुंडी होती. घसरगुंडीपुढे कोणत्याही शिक्षणपद्धतीचे काही चालत नाही. एकेक मूल तिकडे घसरू लागले. पालक येऊन सांगत, "मास्तर, तुमच्या शिकवण्याबद्दल प्रश्नच नाही हो," आणि मुलाची पाटी उचलून नेत. पाडव्यापर्यंत सतरंजीची एक कड रिकामी दिसू लागली. मास्तर रोज ती थोडी दुमडून ठेवीत, म्हणजे रिकामी वाटू नये. पत्नी मंदाकिनीबाईंच्या ते लक्षात आले होते. जूनमध्ये पडवी ओस पडली तर या माणसाचे दिवसभर काय करायचे, याचा विचार त्या भाजी निवडता निवडता करीत.

अशा वेळी माणसाला सल्ल्याची गरज असते, आणि कोपरीत ती लगेच भागते.

वरच्या मजल्यावरचा सुधीर मुंबईत एका साहेबी कंपनीत टायपिस्ट होता. साहेबाने वाचून टाकलेली मासिके तो घरी आणी आणि त्यांतले जग चाळीला समजावून सांगे. एका रविवारी तो असेच एक गुळगुळीत मासिक घेऊन खाली आला.

"मास्तर, हे बघा. स्वित्झर्लंडातली शाळा. इथं मुलांना शिकवत नाहीत."

"मग काय करतात?"

"विकसित करतात. भावी पुढारी म्हणून! इंटरनॅशनल स्कूल आहे ही. प्रवेशाला मुलाखत असते. सगळ्यांना घेतच नाहीत. म्हणून तर सगळे जातात."

"आपल्याकडे पुढाऱ्यांची काय कमी पडली?" मंदाकिनीबाई आतून म्हणाल्या. "निवडणुकीत भिंतींना चुना लावायला जागा उरली नव्हती."

"काकू, ते आत्ताचे. हे पुढचे," सुधीर म्हणाला. "मास्तर, घसरगुंडीवरून मूल खाली येतं. तुम्ही त्याला वर नेणार, असं सांगायचं पालकांना."

हे वाक्य मास्तरांना लागले. रात्री जेवताना त्यांनी वरणात मीठ नसल्याचेही सांगितले नाही.

शेजारचे विश्रामराव कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांना शाळेत रस नव्हता, शब्दात होता. शाळेचे नवे नाव रंगवायला उत्तम नावाचा पेंटर फळी आणि ब्रश घेऊन येऊन बसला, तेव्हा विश्रामरावांनी त्याला हात वर करून थांबवले. 'आंतरराष्ट्रीय' लिहायचे की 'सार्वराष्ट्रीय'? 'अंतर' म्हणजे लांबी. म्हणून आ हवाच. पण मग 'आंतर्राष्ट्रीय' का नको? तीन वेळा चहा झाला. मंदाकिनीबाईंची साखर संपली. शेवटी उत्तम म्हणाला, "काका, रंग सुकतोय," आणि त्याने 'आंतरराष्ट्रीय' लिहून टाकले. हा शब्द एवढा लांब निघाला की फळी तिथेच संपली. 'बालविद्यामंदिर' खाली बारीक अक्षरांत बसवावे लागले आणि 'भावी पुढाऱ्यांकरिता' यासाठी दुसरी फळी आणावी लागली. दोन्ही फळ्यांचे वजन पडवीच्या खांबाला झेपत नव्हते, पण तेवढ्यात विश्रामरावांना दुसरीच शंका आली.

"मंजुरी घेतलीत का?"

"नावाला मंजुरी लागते?"

"मास्तर, या देशात नावालाच लागते. काम तुम्ही काही करा."

म्हणून मास्तर शिक्षणखात्याच्या कचेरीत गेले, सोबत विश्रामराव. तिथल्या कारकुनाने अर्ज सावकाश वाचला.

"आंतरराष्ट्रीय. बरं. किती राष्ट्रं आहेत तुमच्याकडे?"

"कशात?"

"पटावर हो."

मास्तरांनी मनात मुले आठवून पाहिली. "एक," ते म्हणाले.

"मग नुसतं राष्ट्रीय लिहा. आंतर म्हणजे दोघांच्या मधलं. दोन तरी नकोत का?"

मास्तरांचे कान तापले. उभ्या आयुष्यात त्यांना पटसंख्येबद्दल कुणी बोलले नव्हते. बाहेर आल्यावर विश्रामराव मात्र खूश होते. "माणूस नियमाला धरून आहे. व्युत्पत्ती अगदी अचूक!"

तेव्हापासून दुसऱ्या राष्ट्राचा शोध सुरू झाला. सुधीरने जाहिरात टाइप करून आणली आणि कोपरीच्या नाक्यावर चिकटवली. 'परदेशी विद्यार्थ्यांस प्राधान्य. फी माफ.' दुसऱ्याच सकाळी पांढरे धोतर नेसलेला एक गृहस्थ दोन मुलांना हाताशी धरून पडवीत हजर झाला.

"रामराम मास्तर. ही आमची पोरं. फी माफ ना?"

"आपण कुठले?"

"मी दौलत परदेशी."

"नाव नव्हे हो. देश, देश."

"परदेशी," दौलत पुन्हा शांतपणे म्हणाला.

"राहता कुठं?"

"चेंदणीत. पिठाची गिरणी नाही का माझी? तुमच्या घरचं दळण माझ्याकडेच येतं. वहिनी ओळखतात."

"मग परदेशी कसे झालात?"

"ते मला काय विचारता? माझा पणजा उत्तरेतून पलटणीबरोबर आला. त्याला तुमच्यातलंच कोणीतरी परदेशी म्हणालं. तेव्हापासून आम्ही तेच राहिलो. मला मराठीशिवाय दुसरं बोलता येत नाही, तरी परदेशीच. या नावाचा आजवर काडीचा फायदा झाला नाही बघा. काल नाक्यावर वाचलं, परदेशी विद्यार्थ्यांस फी माफ. म्हटलं, उशिरा का होईना, आठवण ठेवली कोणीतरी."

आता या माणसाला परत कसे पाठवायचे? मास्तरांनी दोन्ही मुलांना सतरंजीवर बसवून घेतले. कचेरीतल्या कारकुनाने मात्र आडनाव हे राष्ट्र होऊ शकत नाही, असा शेरा मारला. विश्रामरावांचे त्यालाही अनुमोदन होते.

दरम्यान प्रवेशाच्या मुलाखती सुरू झाल्या होत्या. 'सगळ्यांना घेत नाहीत' ही बातमी पसरताच नव्या शाळेतून निम्मी मुले परत आली; शिवाय काही नवी आली. प्रश्न सुधीरने मासिकातून उतरवले होते. एक प्रश्न असा : दहा माणसे भांडत असली तर तू काय करशील?

"मी रडेन," एक म्हणाला.

"मी आईला सांगेन," दुसरी म्हणाली.

तिसऱ्याने बराच विचार केला. "मी कुठल्या बाजूला जास्त माणसं आहेत ते बघेन."

"याला घ्या," विश्रामराव म्हणाले. "याला शिकवायचीही गरज नाही."

मास्तरांनी रडणाऱ्यालाही घेतले, आईला सांगणारीलाही घेतले. नाही म्हणणे त्यांना जमत नसे. मग अभ्यासक्रम सुरू झाला : सोमवारी भाषण, मंगळवारी सभा, बुधवारी हार घालणे व घालून घेणे. त्याचे परिणाम लवकरच दिसले. पाणी प्यायला जाताना मुले पूर्वी एकामागे एक जात. आता मागे उभे राहायला कुणीच तयार होईना, त्यामुळे सगळे आडवी रांग करून पाण्याच्या पिंपावर चाल करून जात. पाटी पुसायचा बोळा हरवला, तर शोधायच्या ऐवजी समिती नेमली गेली. समिती दोन दिवस बोळ्यावर बसली होती, अगदी शब्दशः. बोळा तिच्या अध्यक्षाखालीच सापडला.

मास्तर हे पाहात आणि हसत. पण दुपारी मुले गेली की त्यांना वाटे, आज आपण एकाही मुलाजवळ नुसते बसलो नाही.

त्या गर्दीत एकच मूल अजून जुन्या रीतीने शिकत होते. तिचे नाव भगवंती. कोपरीच्या निर्वासितांच्या बराकींतली सिंधी मुलगी. वडील चेलाराम दारोदार पापड विकत. आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. नंतर सगळे आले, फक्त 'ळ' येईना. बाळाला बाल आणि फळाला फल. मास्तर तिच्यासमोर तोंड उघडून बसत, जीभ वळवून टाळूला लावून दाखवीत, "घाई नको," म्हणत. एके दिवशी तिला तो सापडला. मग आनंदाच्या भरात तिने तो सगळीकडे वापरायला सुरुवात केली. "मास्तळ, पाणी प्यायला जाऊ?" मास्तरांनी काही दिवस ती चूक सुधारलीच नाही. इतक्या कष्टाने मिळवलेली वस्तू माणूस चार दिवस मिरवणारच.

उद्घाटनाची तारीख ठरली, नगरपालिकेचे सभासद अण्णासाहेब यांनी यायचे कबूल केले, आणि मंजुरी अजून आलेली नव्हती. सुधीर पट चाळत बसला होता. एकदम तो ताडकन उठला.

"मास्तर! भगवंतीचा जन्म कुठला?"

"शिकारपूर लिहिलंय."

"म्हणजे सिंध. म्हणजे पाकिस्तान. म्हणजे दुसरं राष्ट्र! अहो, परदेश तुमच्या सतरंजीवर बसलाय आणि आपण नाक्यावर जाहिराती चिकटवतोय!"

"अरे, पण ती आपली मुलगी आहे," मास्तर म्हणाले.

"आपलीच आहे हो. कागदावर फक्त परदेशी लिहायचं. तिची फी माफ होईल. चेलारामला मदतच नाही का?"

मास्तरांनी विश्रामरावांकडे पाहिले. विश्रामराव म्हणाले, "जन्मस्थान परराष्ट्रात. नियमात बसतं." मास्तरांनी दुमडून ठेवायची गरज न उरलेल्या सतरंजीकडे पाहिले. ती काठोकाठ भरली होती. मग त्यांनी कागदावर सही केली. एक शब्द तर आहे, असे त्यांनी स्वतःला सांगितले. ज्या माणसाने एकेका अक्षरासाठी महिना महिना घालवला होता, त्याने.

मंजुरी आली.

उद्घाटनाला पताका होत्या, पेढे होते, आणि खांबाला टेकून उभ्या केलेल्या दोन फळ्या होत्या. अण्णासाहेबांनी फीत कापली. सात-आठ भावी पुढाऱ्यांनी एकाच वेळी स्वागताचे भाषण सुरू केले. ते थांबवून सुधीरने भगवंतीला पुढे आणले. तिच्या आईने तिला नवी परकर-चोळी शिवून घातली होती आणि केसांना भरपूर तेल लावले होते.

"ही आमची परदेशी विद्यार्थिनी," सुधीरने जाहीर केले.

"वा!" अण्णासाहेब वाकले. "कुठली ग तू?"

"कोपरीची."

लोक हसले. सुधीर मागून कुजबुजला, "गाव नाही. देश सांग, देश!"

"भारत," भगवंती म्हणाली. स्पष्ट, खणखणीत. हे तिला मास्तरांनीच शिकवले होते.

अण्णासाहेबांनी हातातल्या कागदाकडे पाहिले. "इथं परराष्ट्र लिहिलंय. काही चूक झाली का?" विश्रामराव खाकरले. सुधीर पताकेची दोरी उगाचच घट्ट करू लागला. आलेले सगळे पालक मास्तरांकडे पाहू लागले. भगवंतीही पाहू लागली. पण तिचे पाहणे वेगळे होते. बरोबर उत्तर लिहिले की ती पाटी वर धरून अशीच पाही आणि 'शाब्बास'ची वाट बघे.

मास्तर तिच्याकडे वाकले.

"भगवंती," ते म्हणाले, "तू परदेशी ना, बाळ?"

तिने मान खाली घातली. मग म्हणाली, "मी परदेशी."

टाळ्या झाल्या. अण्णासाहेबांनी तिला पेढा दिला. तिने तो खाल्ला नाही. समारंभ संपेपर्यंत मुठीत धरून ठेवला आणि तो तिच्या नव्या परकराला लागला. बरोबर उत्तर चूक ठरवण्याची मास्तरांची सगळ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ होती. रात्री मंदाकिनीबाई एवढेच म्हणाल्या, "पोरीचं तोंड बघितलंत का तुम्ही?" मास्तरांनी पाहिले होते. तेच तर.

दुसऱ्या दिवशी भगवंती आली नाही. नंतरही आली नाही. आला तो चेलाराम. पापडाची टोपली त्याने पडवीबाहेर ठेवली आणि तो हात जोडून उभा राहिला. आत ये म्हटले तरी येईना.

"मास्तरजी, एक बात पूछनी थी. बच्ची बोलती है, मैं परदेशी. आपने बोला होगा तो ठीक होगा. लेकिन वो कागज... वो सरकार में गया है क्या?"

"गेलाय. पण तो नुसता शाळेचा—"

"तो फिर से उठना पडेगा क्या?"

मास्तरांना आधी कळलेच नाही. कळले तेव्हा ते पडवीबाहेर त्याच्याजवळ आले.

"नाही रे बाबा! कुणी उठवणार नाही तुम्हाला. तो आमचाच मूर्खपणा होता."

"उसकी माँ ने बर्तन बाँध दिए हैं," चेलाराम जरा संकोचून म्हणाला. "मैंने कहा, रुक, पहले मास्तरजी से पूछता हूँ. पिछली बार किसी से पूछने का टाइम नहीं मिला था."

त्याने टोपली डोक्यावर घेतली आणि तो गेला. भगवंतीला पाठव, असे म्हणण्याचा धीर मास्तरांना झाला नाही.

ते तसेच उन्हात कचेरीत गेले. या वेळी विश्रामरावांना त्यांनी बरोबर घेतले नाही. कारकुनाने सगळे ऐकून घेतले.

"नोंद झाली आहे. आता खोडता येणार नाही."

"पण ती परदेशी नाही."

"मग तिचं परदेशीपण संपल्याचा दाखला आणा."

"अहो, जे सुरूच झालं नाही त्याचा दाखला कुठून आणू?"

"सुरू झाल्याचा तुमच्या सहीचा कागद आहे माझ्याकडे," कारकून म्हणाला. तो नियमाला धरून होता.

मास्तर रोज जात राहिले. नियमाला धरून असलेला माणूस रोज समोर बसणाऱ्या म्हाताऱ्याला कंटाळतो, असा त्यांना अनुभव आला. शेवटी तोडगा निघाला. शाळाच आंतरराष्ट्रीय नसेल, तर परदेशी विद्यार्थ्याचा रकाना आपोआप रद्द होतो. मास्तरांनी तिथल्या तिथे अर्ज लिहून दिला, मंजुरी परत केली आणि कारकुनाने भगवंतीच्या नावापुढच्या शब्दावर लाल रेघ मारली. सुधीर चार दिवस बोलला नाही. त्याने फळ्या गच्चीत नेऊन ठेवल्या. मुले पुन्हा घसरगुंडीकडे गेली. आता ती तिथे आडव्या रांगेने चढतात, अशी तक्रार ऐकू येई. दौलत परदेशीची मुले मात्र येत राहिली, कारण फी माफ होती आणि ती माफी परत घ्यायचे मास्तरांच्या लक्षातही आले नाही.

मास्तरांना या कशाचेच काही वाटले नाही. लाल रेघ पाहिल्यावर ते घरी न जाता सरळ बराकींकडे निघाले. चेलारामला सांगायचे, भांडी सोडा. भगवंतीला सांगायचे, उद्यापासून ये.

बराकीच्या मधल्या बोळात पापड वाळत होते आणि दोरीवर चादरी टांगलेल्या होत्या. त्यांच्या पलीकडून त्यांना तिचा आवाज आला आणि ते तिथेच थांबले. दोन चादरींच्या फटीतून दिसले, भगवंती शाळा शाळा खेळत होती. बराकीतली लहान मुले जमिनीवर गोल करून बसली होती आणि ती त्यांच्यासारखीच खाली बसली होती, कोपर गुडघ्यावर ठेवून, थेट मास्तरांसारखी. आपसांत मुले सिंधीत बोलत होती. पण शाळा मराठीतच असते अशी तिची समजूत असावी, म्हणून शाळेचे सगळे ती मराठीत बोलत होती.

"घाई नको," ती एका मुलीला सांगत होती. मग तिने आजूबाजूला पाहिले. "आज परदेशी कोण? गोपू, तू परदेशी."

तिचा धाकटा भाऊ होता तो. त्याने जोरात भोकाड पसरले. "मी नाही! मी नाही परदेशी!"

भगवंती उठली, त्याच्याजवळ जाऊन बसली आणि आपल्या परकराच्या टोकाने तिने त्याचे नाक पुसले.

"रडू नको. थोडा वेळच असतं ते. पाहुणे गेले ना, की तू परत आपला."

मास्तरांना वाटले, एवढे एक वाक्य. तेवढे तरी त्या दिवशी आपण तिच्या कानात सांगायला हवे होते. पोरीने ते स्वतःच जुळवून घेतले होते आणि घरी बसून पाहुणे जायची वाट पाहिली होती. आता पुढे होऊन सांगावे म्हणून त्यांनी चादर बाजूला केली.

भगवंतीने त्यांना पाहिले. ती पटकन उभी राहिली, तिने चोळी खाली ओढून नीट केली आणि मुलांकडे वळून हळूच म्हणाली,

"उभे राहा सगळे. पाहुणे आले."

मुले उभी राहिली. गोपूही उभा राहिला. नाक वर ओढत तो मास्तरांच्या वहाणांकडे बघत राहिला, त्या कधी वळतात म्हणून.